ग्राहकाच्या प्रश्नापासून सुरुवात: सोशल मीडिया आणि ऑनलाइन समुदायांतून व्यवसाय वाढवण्याची पद्धत

पेज उघडलं, लोगो लावला, आठ-दहा पोस्ट टाकल्या, ओळखीच्यांनी लाइक केलं आणि मग सगळं थंडावलं. सोशल मीडियावर उतरणाऱ्या बहुतेक छोट्या व्यवसायांची गाडी इथेच अडते. मग कुणी अल्गोरिदमला (कुणाला कोणती पोस्ट दिसेल ते ठरवणाऱ्या यंत्रणेला) दोष देतं, कुणी म्हणतं आपल्याला व्हिडिओ जमत नाहीत, तर कुणी जाहिरातीत पैसे ओततं. माझ्या मते मूळ दुखणं बहुतेक वेळा पोस्टच्या विषयात असतं. आपण आपल्या मालाचं कौतुक सांगत बसतो आणि समोरच्याला त्याच्या शंकेचं उत्तर हवं असतं.

अल्गोरिदमचा वाटा आहेच. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं की न्यूज फीडमध्ये पेजेसच्या पोस्टपेक्षा मित्र-नातलगांच्या आणि ज्यावर खरी चर्चा होते अशा पोस्टना प्राधान्य मिळेल. तेव्हापासून नुसतं पेज काढून फुकटात लोकांपर्यंत पोहोचणं अवघड झालं. पण ज्यावर माणसं बोलतात, जे एकमेकांना पाठवतात, ते आजही पोहोचतं. आणि माणसं आपल्याला पडलेल्या प्रश्नांवर बोलतात. म्हणून पुढची सगळी पद्धत प्रश्नांवरच उभी केली आहे. उदाहरणासाठी हाताने शिवलेल्या चामड्याच्या बॅगा बनवणारा एक व्यवसाय धरू. तुमचा धंदा वेगळा असला तरी पायऱ्या त्याच.

पहिली पायरी: प्रश्नांची वही

पोस्ट टाकायच्या आधी एक वही किंवा साधी एक्सेल शीट घ्या आणि ग्राहक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. त्यांच्याच शब्दांत, हे महत्त्वाचं. बॅग बनवणारा म्हणेल, ‘अस्सल चामडं, प्रीमियम फिनिश’. ग्राहक विचारतो, ‘पावसात भिजली तर काय?’, ‘चामड्याचा वास जातो का?’, ‘चार्जरसकट लॅपटॉप बसेल का?’, ‘शिवण उसवली तर दुरुस्त करून मिळेल का?’ लोक सर्चमध्येही हेच शब्द टाकतात.

प्रश्न मिळतात कुठे? सगळ्यात आधी तुमच्या फोनमध्ये. जुने व्हॉट्सॲप चॅट आणि मेल उघडा, विकत न घेता निघून गेलेल्या लोकांनी शेवटचं काय विचारलं होतं ते बघा. त्यानंतर तुमच्यासारखाच माल विकणाऱ्या इतरांचे रिव्ह्यू वाचा, त्यातही दोन आणि तीन स्टारवाले. पाच स्टार देणारा ‘मस्त’ लिहून मोकळा होतो, एक स्टारवाला बऱ्याचदा डिलिव्हरीवर चिडलेला असतो. मधला माणूस मात्र काय आवडलं, काय कमी पडलं हे नीट सांगतो. यूट्यूबवर तुमच्या विषयाच्या व्हिडिओंखालच्या कॉमेंट, रेडिट आणि क्वोरा या चर्चेच्या साइटवरचे धागे, फेसबुक ग्रुपमधला सर्च, गूगलमध्ये दोन शब्द टाइप केल्यावर खाली आपोआप येणाऱ्या सूचना, या सगळीकडे प्रश्न पडलेले असतात.

चाळीस-पन्नास प्रश्न जमले की त्यांच्यापुढे एक शेरा लिहा: हा प्रश्न खरेदीच्या आधीचा, खरेदी करतानाचा की नंतरचा? ‘वास जातो का’ ही आधीची शंका. ‘परत करता येईल का’ हा ऐन वेळचा प्रश्न. ‘डाग कसा काढायचा’ हा नंतरचा. बहुतेक व्यवसाय नंतरच्या प्रश्नांकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि पुन्हा येणारा ग्राहक तर तिथेच तयार होतो.

दुसरी पायरी: जागा निवडणं

सगळीकडे असायला हवं हा सल्ला मला पटत नाही. एकट्या किंवा दोघा-तिघांच्या व्यवसायाला पाच ठिकाणी जीव ओतणं शक्यच नसतं. वही समोर ठेवा आणि बघा की प्रश्नांचं स्वरूप कसं आहे.

‘कसं करायचं’ या धर्तीचे प्रश्न जास्त असतील तर यूट्यूब. तिथला व्हिडिओ सर्चमधून वर्षानुवर्षं सापडत राहतो. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत नाहीशी होते आणि एक्सवरची (पूर्वीच्या ट्विटरवरची) पोस्ट काही तासांत खाली जाते, हा फरक मेहनतीचा हिशोब करताना ध्यानात ठेवा. माल दिसण्यावर विकला जात असेल तर इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्ट. तुमचा ग्राहक म्हणजे दुसरी कंपनी असेल तर लिंक्डइन, आणि तिथे कंपनीच्या पेजपेक्षा मालकाच्या स्वतःच्या नावाने लिहिलेलं जास्त वाचलं जातं. ऑर्डर, चौकशी आणि जुन्या ग्राहकांशी संपर्क यांसाठी व्हॉट्सॲप. छंदाशी किंवा तांत्रिक बारकाव्यांशी संबंधित विषय असेल तर रेडिट, फेसबुक ग्रुप, डिस्कॉर्ड, टेलिग्राम.

यातून दोनच जागा पक्क्या करा: एक मजकूर प्रसिद्ध करायला, एक बोलायला. बाकी ठिकाणी व्यवसायाच्या नावाचं खातं उघडून ठेवा, म्हणजे दुसरा कुणी ते नाव घेणार नाही. तिथे एक पोस्ट टाकून तुम्ही कुठे सापडाल ते सांगा आणि विसरून जा.

तिसरी पायरी: प्रोफाइल

नवखा माणूस प्रोफाइलवर काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: इथे काय मिळतं, ते कुणासाठी आहे आणि संपर्क कसा करायचा. इन्स्टाग्रामच्या बायोत १५० अक्षरं मावतात, त्यामुळे ‘गुणवत्ता हेच आमचं ब्रीद’ अशा वाक्यांना जागा नाही. ‘रोज ऑफिसला नेता येतील अशा हाताने शिवलेल्या चामडी बॅगा. दुरुस्तीही करतो. ऑर्डरसाठी मेसेज करा.’ एवढं पुरे. नावाचा रकानाही सर्चमध्ये धरला जातो, म्हणून तिथे नुसतं ब्रँडचं नाव न लिहिता पुढे ‘लेदर बॅग’ असं जोडा. बायोमध्ये २०२३ पासून पाचपर्यंत लिंक देता येतात, पण दोनच द्या, पर्याय वाढले की माणूस काहीच दाबत नाही. प्रोफाइलच्या वर पिन केलेल्या पोस्टमध्ये सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं येऊ द्या.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप २०१८ मध्ये आलं आणि छोट्या व्यवसायासाठी ते खरोखर कामाचं आहे. त्यात कॅटलॉग लावा. वहीतल्या सर्वाधिक येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’, म्हणजे एका टिचकीत पाठवायची तयार उत्तरं, म्हणून साठवा. ‘नवीन चौकशी’, ‘पैसे बाकी’, ‘माल पाठवला’ अशी लेबलं करा. आणि एक मर्यादा ठाऊक असू द्या: साध्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत) २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून पहिल्या व्यवहारातच ‘नंबर सेव्ह करून ठेवा, दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडेल’ असं सांगण्याची सवय लावून घ्या.

चौथी पायरी: एका प्रश्नातून महिनाभराचा मजकूर

‘रोज काय टाकू?’ हा प्रश्न वही भरलेली असेल तर पडतच नाही. ‘पावसात भिजली तर काय?’ हा एकच प्रश्न घेऊ.

व्हिडिओची पहिली चौकट: बॅगेवर पाण्याची बाटली ओतली जात आहे. नमस्कार नाही, लोगो नाही, ‘आज आपण पाहणार आहोत’ नाही. दुसऱ्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं: ‘चामड्याची बॅग भिजली तर?’ मग कोरड्या सुती कापडाने न घासता टिपणं, आत कागद भरून आकार धरून ठेवणं, उन्हात किंवा हीटरजवळ न ठेवता हवेशीर सावलीत वाळवणं आणि पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनरचा पातळ हात. शेवटी वाळलेली बॅग जवळून, जिथे पाणी पडलं होतं तो भाग डाग राहिला असेल तर डागासकट दाखवा. डाग दाखवणारा व्हिडिओ पाहून विश्वास बसतो, कारण लपवलेली गोष्ट ग्राहकाला नंतर घरी दिसणारच असते. सगळं मिळून चाळीस सेकंद. व्हिडिओ उभा ठेवा, ९:१६ प्रमाणात, १०८० बाय १९२० पिक्सेल. बोललेलं अक्षरांतही येऊ द्या, कारण कित्येक जण आवाज बंद ठेवूनच बघतात.

आता हाच विषय, तुम्ही निवडलेल्या जागांना जुळेल तसा, इतर रूपांत वळवा. पाच चित्रांची सरकपट्टी म्हणजे कॅरोसेल, शेवटच्या चित्रावर ‘सेव्ह करून ठेवा’. यूट्यूबवर चार मिनिटांचा सविस्तर व्हिडिओ, ज्याचं शीर्षक म्हणजे ग्राहकाचाच प्रश्न. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण प्रश्न सुरुवातीलाच आला पाहिजे. वर्णनात वेळा लिहून चॅप्टर पाडता येतात. त्यासाठी पहिली वेळ ०:०० असावी लागते, किमान तीन चॅप्टर लागतात आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. यूट्यूब त्या वेळा इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या असतील तर नीट ओळखतं. मग तेच उत्तर चार ओळींत व्हॉट्सॲपच्या क्विक रिप्लायमध्ये, आणि बॅगेसोबत जाणाऱ्या छोट्या कार्डावर. एका दुपारच्या चित्रीकरणातून एवढं निघतं.

किती वेळा टाकायचं? आठवड्याला दोन, पण न चुकता. रोज टाकण्याचा संकल्प महिनाभरात मोडतो आणि मोडला की माणूस सगळंच सोडतो. महिन्यातून दोन दिवस चित्रीकरणाला राखून ठेवा आणि पोस्ट शेड्यूल करा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी त्यांच्या मालक कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, बिझनेस सूटमध्ये ही सोय फुकट आहे.

विक्रीची पोस्ट टाकायला संकोच करू नका. चारांतली एक पोस्ट सरळ विक्रीची असू द्या, आणि त्यात काय, कितीला, कसं मागवायचं हे स्पष्ट लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. किमतीसाठी मेसेज करावा लागतो म्हटल्यावर बरेच जण पुढे सरकतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही, हे विसरून लोक तिथे लांबलचक पत्ते चिकटवतात. त्याऐवजी ‘लिंक बायोमध्ये’ लिहा किंवा स्टोरीवर लिंक स्टिकर लावा.

गाण्यांबाबत एक सावधगिरी. लोकप्रिय गाणं वैयक्तिक रीलला चालतं म्हणून व्यवसायाच्या जाहिरातीलाही चालेल असं नाही, व्यावसायिक वापराला वेगळी परवानगी लागते. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं किंवा यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत वापरा, नाहीतर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच काढला जातो.

पाचवी पायरी: इतरांच्या समुदायांत वावरणं

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण इथे पैसा लागत नाही आणि फॉलोअर नसले तरी चालतं. तुमचे भावी ग्राहक आधीच कुठेतरी जमलेले आहेत. कुणी सायकलने ऑफिसला जाणाऱ्यांच्या ग्रुपात आहे, कुणी फोटोग्राफीच्या, कुणी हस्तकलेच्या.

वेबच्या वापरसुलभतेवर काम करणारे याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: ऑनलाइन समुदायात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या १ टक्क्याकडून येतो. प्रत्येक ग्रुपात आकडे थोडे मागेपुढे होतील, पण कल हाच असतो. व्यवसायासाठी याचा अर्थ सरळ आहे. तुम्ही एका माणसाला उत्तर देता तेव्हा कितीतरी गप्प माणसं ते वाचत असतात. त्यातल्या कुणाला तोच प्रश्न पुढच्या महिन्यात पडणार असतो. म्हणून उत्तर त्या गप्प वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहायचं.

ग्रुपात शिरल्यावर पहिले दोन आठवडे फक्त वाचा. नियम वाचा, पिन केलेल्या पोस्ट वाचा, कोण जाणकार आहे, कशावर लोक वैतागतात ते बघा. मॉडरेटर, म्हणजे ग्रुपची शिस्त सांभाळणारे, बहुतेक ठिकाणी बिनपगारी स्वयंसेवक असतात, त्यांचा वेळ खाणाऱ्याला ते सरळ बाहेर काढतात आणि ते योग्यच आहे. रेडिटवर जुना ठोकताळा असा की तुमच्या एकूण सहभागात स्वतःच्या मालाबद्दलचं बोलणं दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. मी तर नवख्याला पहिला महिनाभर शून्य ठेवायला सांगेन.

प्रत्यक्षात फरक कसा दिसतो ते बघा. कुणीतरी विचारलं आहे: ‘लॅपटॉपसाठी टिकाऊ बॅग सुचवा, आधीच्या दोन्ही बॅगांचे पट्टे तुटले.’ एक विक्रेता लिहितो: ‘सर, आमच्याकडे बेस्ट क्वालिटी बॅग्ज मिळतील, इनबॉक्स करा.’ हे वाचून कुणी इनबॉक्स करत नाही. दुसरा लिहितो:

‘मी बॅगा बनवतो, त्यामुळे माझं मत चामड्याकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो. पट्टे बहुतेक वेळा जोडावर तुटतात. कुठलीही बॅग घेताना पट्टा जिथे बसवला आहे तिथे चौकोनी शिवण आणि मधे फुलीचा टाका आहे का ते बघा, आणि आतल्या बाजूने दुसरा थर लावला आहे का ते चाचपून घ्या. हुक धातूचा असावा, प्लास्टिकचा वाकतो. वजन कमी हवं असेल तर जाड कॅनव्हास चामड्यापेक्षा बरा. तुमच्या तुटलेल्या पट्ट्याचा फोटो टाकलात तर दुरुस्त होण्यासारखा आहे का ते सांगू शकेन.’

यात स्वतःच्या दुकानाचं नाव नाही, लिंक नाही. धंदा काय आहे ते उघड सांगितलंय, प्रसंगी आपल्याला न परवडणारा सल्लाही दिलाय (कॅनव्हास बरा), आणि बोलणं पुढे चालू राहील असा एक दरवाजा ठेवलाय. ज्याला रस वाटेल तो नावावर क्लिक करून प्रोफाइलवर येतो. तिसरी पायरी नीट केली असेल तर पुढचं काम प्रोफाइल करतं. शिवाय अशा चर्चा सर्च इंजिनमधून पुढे कित्येक वर्षं सापडत राहतात.

मालाचं नाव कधी घ्यायचं? कुणी थेट विचारलं तर. त्यासाठी ठरवलेला धागा किंवा दिवस असेल तर. किंवा मॉडरेटरला आधी मेसेज करून परवानगी घेतली असेल तर. नाव घ्याल तेव्हा सोबत एक-दोन इतर पर्यायही सांगा. आणि काही गोष्टी कधीच करू नका: दुसऱ्या खात्यातून स्वतःच प्रश्न विचारून पहिल्या खात्यातून उत्तर देणं, ग्रुपातल्या सदस्यांची यादी काढून सगळ्यांना खासगी मेसेज पाठवणं, एकच मजकूर दहा ग्रुपांत चिकटवणं. हे आज ना उद्या उघडं पडतंच, आणि त्या धाग्याचा स्क्रीनशॉट तुमच्या व्यवसायाच्या नावाशी कायमचा जोडला जातो.

आपल्याच धंद्यातल्या लोकांचे, पुरवठादारांचे ग्रुप दुर्लक्षू नका. तिथे ग्राहक नसतात, पण ‘हे काम आम्ही करत नाही, यांना विचारा’ असा निरोप तिथूनच येतो.

सहावी पायरी: स्वतःचा समुदाय, घाई न करता

पेजवर सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे असतात. समुदायात माणसं एकमेकांशी बोलतात. या दोन्हींत गल्लत झाली की ‘ग्राहक परिवार’ नावाचा ग्रुप निघतो, ज्यात फक्त मालकाचे मेसेज असतात आणि लोक तो म्यूट करून टाकतात.

हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये आपल्या मोटारसायकली वापरणाऱ्या मालकांचा गट सुरू केला, इंटरनेट लोकांपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी. तो चालला, कारण लोक तिथे मोटारसायकलवरून भटकायला जमत होते, कंपनीची माहितीपत्रकं ऐकायला नव्हे. खेळण्यांच्या ठोकळ्यांच्या लेगो कंपनीच्या ‘लेगो आयडियाज’ साइटवर चाहते स्वतःची रचना मांडतात, १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ती तपासते, आणि संच बाजारात आला तर रचनाकाराला निव्वळ विक्रीतला १ टक्का मिळतो. दोन्हीकडे सदस्याला जे हवं आहे त्याभोवती समुदाय उभा आहे. म्हणून बॅगवाल्याने ‘अमुक बॅग्ज फॅन क्लब’ काढण्यापेक्षा ‘चामड्याच्या वस्तू: जपणूक आणि दुरुस्ती’ असा ग्रुप काढावा. त्यात दुसऱ्याची बॅग वापरणाराही आला पाहिजे.

साधन निवडताना हे बघा. व्हॉट्सॲप ग्रुपात १,०२४ सदस्य बसतात, पण सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. अनोळखी माणसं एकत्र आणत असाल तर हा मोठा दोष आहे. कित्येक जणांना, विशेषतः बायकांना, नको ते मेसेज आणि फोन यायला लागतात. निव्वळ सूचना पाठवायच्या असतील तर व्हॉट्सॲप चॅनल बरा, तिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. टेलिग्राम ग्रुपला दोन लाख सदस्यांची मर्यादा आहे आणि नंबर लपवता येतो. फेसबुक ग्रुपमध्ये प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारता येतात. त्यातला एक ‘तुम्हाला या विषयात सध्या कोणती अडचण आहे?’ हा ठेवा, वहीची पानं आपोआप भरत जातील. वेगवेगळ्या विषयांच्या खोल्या हव्या असतील तर डिस्कॉर्ड, पण ते वापरण्याची सवय तुमच्या लोकांना आहे का ते आधी बघा.

सुरुवात पंधरा-वीस निवडक माणसांनी करा. जे आधीपासून तुम्हाला प्रश्न विचारतात, फोटो पाठवतात, चुका काढतात, त्यांना एकेकाला स्वतः विचारून आत घ्या. शंभर अनोळखी माणसं एकदम आणली तर शंभर जण एकमेकांकडे बघत गप्प बसतात. नवा सदस्य आला की नुसतं ‘स्वागत’ न लिहिता त्याला उत्तर देता येईल असा सोपा प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडची सगळ्यात जुनी चामड्याची वस्तू कोणती? फोटो टाका.’ आठवड्यातला एक वार दुरुस्तीच्या प्रश्नांसाठी ठरवून द्या. प्रश्न आला की लगेच स्वतः उत्तर देऊ नका. ज्या सदस्याला ते माहीत आहे त्याला टॅग करा आणि थोडं थांबा. हे थांबणं जड जातं, पण तुमच्याआधी दुसरं कुणी उत्तर देऊ लागलं की समजावं, ग्रुप स्वतःच्या पायावर उभा राहतोय. पहिले काही महिने बहुतेक संवाद तुम्हालाच सुरू करावे लागतील, त्याने खचू नका.

नियम पाच ओळींत बसवा. शिवीगाळ, स्पॅम आणि कुणाची खासगी माहिती काढून टाका. तुमच्या मालावरची टीका मात्र राहू द्या आणि तिला उत्तर द्या. ग्रुप वाढला की सदस्यांतूनच एक-दोन मॉडरेटर निवडा. त्यांना मोबदला देता आला तर जरूर द्या, निदान नव्या मालाची पहिली चाचणी त्यांच्या हाती सोपवा.

सातवी पायरी: तक्रार आली की

२००८ मध्ये कॅनडातले संगीतकार डेव्ह कॅरल यांची गिटार युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात तुटली. अनेक महिने पाठपुरावा करूनही भरपाई नाकारली गेली, तेव्हा त्यांनी त्यावर गाणं रचलं आणि जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर टाकलं. ते दोन कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलं. या प्रकरणाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: गिटार बनवणाऱ्या टेलर कंपनीने लगेच पुढे होऊन कॅरल यांना गिटारी देऊ केल्या. कंपनीचा दोष काहीच नव्हता, तरी ती वेळेवर बोलली आणि सगळ्यांच्या लक्षात राहिली.

उघड तक्रारीला उघडच, लवकर आणि थोडक्यात उत्तर द्या. ‘नमस्कार. तीन महिन्यांत शिवण उसवायला नको होती. बॅग आमच्या खर्चाने मागवून घेतो आणि दुरुस्त करून पाठवतो. ऑर्डर नंबर मेसेजमध्ये पाठवाल का?’ यात ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे छापील वाक्य नाही. काय करणार ते आहे. तपशील खासगीत मिटवा आणि काम झालं की त्याच धाग्यात परत येऊन लिहा: ‘बॅग काल पाठवली, मिळाली की कळवा.’ बरेच जण ही शेवटची ओळ लिहीत नाहीत, आणि वाचणाऱ्यांसाठी तक्रार तशीच लोंबकळत राहते. ग्राहक चुकीचा असेल तर वस्तुस्थिती एकदाच, शांतपणे मांडा आणि वाद वाढवू नका. कॉमेंट डिलीट करू नका.

रिव्ह्यू सगळ्याच ग्राहकांकडे मागा, फक्त खूश दिसणाऱ्यांकडे नव्हे. विकतचे रिव्ह्यू घेऊ नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियमच केला, आणि रिव्ह्यू प्लॅटफॉर्मही असे रिव्ह्यू शोधून काढतात.

आठवी पायरी: जाहिरात आणि इन्फ्लुएन्सर

जाहिरातीला घाई नको. फुकटात ज्या पोस्टवर लोकांनी प्रश्न विचारले, सेव्ह केली, एकमेकांना पाठवली, तीच पोस्ट जाहिरात म्हणून चालवा. नुसतं ‘बूस्ट’ बटण दाबण्याऐवजी ॲड्स मॅनेजरमध्ये उद्दिष्ट निवडा. मेसेज हवे असतील तर मेसेज निवडा, कारण जे मागाल तेच यंत्रणा आणून देते. लाइक मागितले तर लाइकच मिळतात.

इन्फ्लुएन्सर निवडताना फॉलोअरच्या आकड्याआधी कॉमेंट वाचा. लोक खरे प्रश्न विचारतात का, तो माणूस उत्तर देतो का? तुमच्या विषयातला छोटा पण विश्वासातला माणूस बऱ्याचदा जास्त कामाचा ठरतो. मोबदला दिला असेल, माल फुकट दिला असेल, तर ‘पेड पार्टनरशिप’ लेबल लावायला सांगा, अनेक देशांत हे कायद्यानेच बंधनकारक आहे.

नववी पायरी: मोजणं

महिन्याच्या शेवटी अर्धा तास पुरतो. लाइक आणि फॉलोअर बघा, पण वहीत उतरवू नका. उतरवायचं ते हे: किती जणांनी सेव्ह किंवा शेअर केलं, किती चौकश्या आल्या, त्यातल्या किती ग्राहक झाल्या, आणि किती जुने ग्राहक परत आले. वेबसाइट असेल तर प्रत्येक ठिकाणी द्यायच्या लिंकला यूटीएमची शेपटी (लिंक कुठे दिली होती ते सांगणारी खूण) जोडा, म्हणजे कुठून कोण आलं ते गूगल ॲनालिटिक्समध्ये वेगवेगळं दिसतं.

पण एवढ्यावर विसंबू नका. कुणी तुमचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवला आणि तिने तीन आठवड्यांनी थेट फोन केला, तर कुठलंही ॲनालिटिक्स ते दाखवत नाही. म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ आणि उत्तर जसंच्या तसं लिहा. ‘त्या पट्ट्याच्या चर्चेत तुमचं उत्तर वाचलं होतं’ असं कुणी म्हणालं तर पुढच्या महिन्याचा वेळ कुठे घालायचा हे कळलं. कुठलीही जागा बंद करण्याआधी तिला निदान तीन महिने द्या.

दहावी पायरी: जे आपलं आहे ते आपल्या हाती ठेवणं

ऑर्कुट २००४ मध्ये सुरू झालं आणि २०१४ मध्ये बंद झालं. छोट्या व्हिडिओंचं वाइन २०१३ ते २०१७, गूगल प्लस २०११ ते २०१९. त्यांवर उभे केलेले गट त्यांच्याबरोबरच गेले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदमच बंद पडले होते. ज्यांचा सगळा धंदा या तिघांवर होता, त्यांना त्या दिवशी ग्राहकांना साधा निरोपही देता आला नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून ईमेल आणि फोन नंबरची स्वतःची यादी करा, संमती घेऊन. बदल्यात कामाचं काहीतरी द्या, ‘सवलत’पेक्षा ‘चामड्याच्या वस्तूंची वर्षभराची निगा’ असा एक पानी तक्ता जास्त चांगली माणसं आणतो. महिन्याला एक मेल, त्यात वहीतले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं, नको असेल तर नाव काढायची सोय. ही यादी, कॅटलॉगचे फोटो आणि मूळ व्हिडिओ तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर साठवा.

आणि खाती जपा. प्रत्येक खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावा, बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. पेज आणि ग्रुपला किमान दोन ॲडमिन असू द्या, नोकरी सोडून गेलेल्याचा ॲक्सेस त्याच दिवशी काढा. ‘तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, २४ तासांत या लिंकवर लॉगिन करा’ असा मेसेज मेटाच्या नावाने आला तर लिंक उघडू नका. ॲपमध्ये जाऊन ‘अकाउंट स्टेटस’ तपासा, खरी नोटीस असेल तर ती तिथे दिसते.